देवीडॉक्टरची शिदोरी

सायकलीले तेल लागते, हवा लागते, पंक्चरचं सामान लागते, हे खात्याले ठाऊक होतं अन् त्याचे पैसे उशिरा का होईना मिळत. सायकलीवर बसणाऱ्याले काय लागते, हे मात्र कधी कोणी विचारलं नाई. मी देवीडॉक्टर होतो. डॉक्टर म्हणजे नावाले. शिक्षण सातवी पास, अन् काम गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायचं. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, आताचं गडचिरोलीही त्यातच. माझं ठाणं गोंडपिपरीले, अन् फिरती आष्टीचा नदीघाट ओलांडून आलापल्ली अन् त्याच्याही पुढं. आलापल्ली चाळीस मैल, सारा रस्ता मुरमाचा, अन् देवीची साथ यायची ती नेमकी चैत्र-वैशाखात.

पहिल्याच उन्हाळ्यात मी आष्टीच्या पुढं सायकलवरून पडलो. खड्डा नव्हता, आडवं जनावर नव्हतं. पाय फिरत होते ते एकदम फिरायचे थांबले. डोळ्यापुढं पिवळं झालं, अन् मी सागाच्या झाडाखाली पालापाचोळ्यात आडवा. मागून आलेल्या एका गाडीवानानं तोंडात गुळाचा खडा टाकला, वरून पाणी पाजलं, तेव्हा जीव ठिकाणावर आला. सकाळी घरून गच्च वरण-भात खाऊन निघालो होतो हो! पण ते वरण-भात वीस मैलांपर्यंतच साथ देते. पुढचं रस्त्यात खातखात जावं लागते, हे मले त्या दिवशी समजलं.

मग मी शिदोरीच्या मागं लागलो. पगार बेताचा, म्हणून स्वस्त पाहिजे. उन्हात खराब व्हायले नको. सायकल न थांबवता एका हातानं तोंडात टाकता आलं पाहिजे. अन् खाल्ल्यावर झोप येता कामा नये. इतक्या अटी तर लग्नाच्या वेळी पोरीवाल्यांनीही मले घातल्या नव्हत्या.

आधी चांद्याहून बिस्किटं आणली. साहेब लोक खातात म्हणून मोठ्या हौसेनं आणली. मुरमाच्या रस्त्यानं त्याइचा असा भुगा केला, की आलापल्लीले पोचेपर्यंत पिशवीत नुसतं पीठ. केळी नेली, तर नदीच्या घाटापर्यंतच काळी पडून पिशवीले चिकटली, अन् गांधीलमाश्या माझ्या मागं दोन मैल आल्या. मुरमुऱ्याचं तर नावच काढू नका. थैलाभर न्या, खाऊन पाहा, पोटात मूठभरच. ज्वारीची भाकर अन् जवसाची चटणी म्हणजे खरं माणसाचं खाणं, पण ते झाडाखाली बसून खावं लागते, अन् एकदा बसलं की उठाले मन होत नाई. फुटाणे अन् गूळ चांगले. पोटाले आधार होते, भावही परवडते. पण सायकलच्या सीटवर दिवस काढणाऱ्यानं फुटाणे जपून खावे, एवढंच सांगतो. शहाण्याले समजलं असंल.

चांद्याले माझी सायकल जुळवून देणारे एक चाचा होते. सारा जन्म सायकलीत गेलेला माणूस. मी त्याइले माझं रडगाणं सांगितलं तर ते ब्रेकची तार ओढता ओढता म्हणाले, "डॉक्टरसाब, आप भूक लगने के बाद खाते हो. यही गलती है. भूक लगने के पहले खाव, और चिडिया के जैसा खाव." लाख रुपयाचं बोलले. तेव्हापासून मी दर चार-पाच मैलांवर दोन घास खायची सवय लावली, भूक असो का नसो.

अन् खायचं काय, ते शेवटी घरातच सापडलं. आमच्याकडं मोहफुलं वाळवून ठेवलेली असत. घरवालीनं ती तव्यावर भाजली, तीळ भाजले, दोन्ही उखळात गूळ टाकून कुटले अन् लिंबाएवढे लाडू वळले. मोहफूल फुकटचं, तीळ घरचे, गूळ तेवढा विकतचा. एक लाडू तोंडात टाकला की चार मैल पाय तक्रार करत नसत. मी तिले म्हटलं, "अजून वीस-पंचवीस कर." ती म्हणाली, "देवी टोचाले जाता का पंगत वाढाले?" पण करून दिले. उन्हाच्या झळीवर मात्र लाडू चालत नाई, तिथी कैरी पाहिजे. रस्त्यात आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या उचलायच्या, खिशातल्या पुरचुंडीतलं मीठ लावायचं अन् चोखत जायचं. तोंडाले पाणी सुटते, ऊन लागत नाई, अन् दमडी खर्च नाई. मी स्वतःले मोठा हुशार समजाले लागलो होतो.

ही हुशारी एका चैत्रात अंगाशी आली. आलापल्लीच्या पुढं पंधरा मैल, हेमलकशाच्या वाटेवर, माडिया लोकांचं एक गाव होतं. नाल्यापल्याडच्या गावात देवी लागल्या होत्या, दोन पोरं गेली होती, म्हणून मले या गावाले तातडीनं पाठवलं होतं. माझ्याजवळ लसीच्या दहा नळ्या. काचेच्या, काडीएवढ्या बारीक. एका नळीत दहाएक माणसांचं काम होते. पण ही लस मोठी नाजूक, उन्हाची धग लागली की मरते, मग टोचा का नका टोचू सारखंच. म्हणून पत्र्याच्या डब्यात नळ्या, डब्याले ओलं फडकं, अन् दर घंट्याले ते फडकं पुन्हा ओलं करायचं. गावाबाहेर आंब्याची चार मोठी झाडं होती. खाली कैऱ्यांचा सडा पडलेला अन् कोणी हात लावलेला नाई. मले नवल वाटलं. मी दोन खाल्ल्या, पिशवी भरून घेतली, अन् मनात म्हटलं, पोरायले वाटू, म्हणजे टोचताना रडणार नाईत.

गावात शिरलो तर पहिल्याच घरापुढं चार-पाच वर्षांची एक पोरगी उभी. तिच्या हातात कैरी दिली. तिनं लगेच दात लावले. आतून तिची माय आली, अन् तिनं जे पाह्यलं त्यानं तिचा चेहराच उतरला. तिनं पोरीच्या हातची कैरी हिसकून फेकली, तोंडात बोट घालून तुकडा काढला, अन् पोरीले उचलून घरात नेलं. मी आपला पिशवी धरून उभा. पाहता पाहता माणसं जमली.

मग भूमिया आला. भूमिया म्हणजे त्या गावाचा देवपूजा करणारा, गावचा मोठा माणूस. त्यानं आलापल्लीच्या लाकूडकामावर काही वर्षं काढली होती म्हणून त्याले मराठी येत होतं. त्यानं पिशवीत पाह्यलं, माझ्या ओठाले लागलेलं मीठ पाह्यलं, अन् शांतपणे म्हणाला, "डाक्टर, मरका पंडुम अजून झाला नाई."

मरका म्हणजे आंबा. नवा आंबा आधी गावदेवाले दाखवायचा, मग साऱ्या गावानं एकाच दिवशी खायचा. तो दिवस म्हणजे पंडुम. त्याच्या आधी पडलेल्या कैरीलेही कोणी तोंड लावत नाई. अन् मी स्वतः तर खाल्लीच, वरून त्याइच्या पोरीलेही खाऊ घातली.

"आता तुझ्या हातानं पोरायले टोचू देणार नाई कोणी," भूमिया म्हणाला. "देवाच्या आधी खाल्लेला हात आहे तो."

मी भडकलो. माझा स्वभाव तसा तापटच. "अरे भाऊ, नाल्यापल्याड पोरं मरून राह्यली, अन् तुम्ही कैरीचं घेऊन बसले! काऊन? दोन कैऱ्या खाल्ल्या त्यात कोणतं आभाळ कोसळलं?"

तो काही चिडला नाई. म्हणाला, "तीन दिवसानं पंडुम आहे. आमची माणसं लाकूड तोडाले गेली, ती तेव्हा येतील. सारे आल्याबिगर होत नाई. तू एक कोंबडी दे, पोरीच्या नावानं अन् तुझ्या नावानं. पंडुम झाला की चूक फिटली. मग टोच."

"तीन दिवसात माझं औषध मरून जाईल!"

"काऊन मरते?"

"त्याले थंड लागते. इथी तर नुसती भट्टी आहे."

तो हसला. घरात जाऊन वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा घेऊन आला. हे लोक पाणी त्यातच नेतात, अन् भर दुपारीही ते पाणी गार राहते. मले नाल्यावर घेऊन गेला. जांभळाच्या दाट सावलीत वाळू उकरली, हातभर खाली वाळू ओली अन् बर्फासारखी. म्हणाला, "तुझं औषध यात घाल, तोंड बंद कर, अन् इथी पुर. तीन दिवस काय, आठ दिवस राहीन."

पटलं मले. खरंच पटलं. तरी दहाही नळ्या त्या भोपळ्यात टाकायचा धीर झाला नाई. खात्याचा माणूस मी, लस माझ्या ताब्यातली, अन् ती नाल्याच्या वाळूत पुरून मोकळा होऊ? नऊ नळ्या तुंब्यात घातल्या, अन् एक भूमियाची नजर चुकवून माझ्याच डब्यात ठेवली. म्हटलं, याचं काही बिघडलं तर एक तरी आपल्या हाती राहीन.

तीन दिवस मी भूमियाच्या घरी राह्यलो. माझे लाडू दुसऱ्याच दिवशी संपले, कारण मी रागाच्या भरात बसल्या बसल्या खाल्ले. मग ते खात तेच खाल्लं. तांदळाच्या कण्यांची आंबूस पातळ पेज, तिले तिथी जावा म्हणतात. सकाळी रानात जाताना प्रत्येकाच्या खांद्याले जाव्याचा तुंबा. दिवसभर चालायचं अन् तहान लागो का भूक, एक घोट त्याचाच घ्यायचा. तहानेवरही तेच अन् भुकेवरही तेच. मी इकडं चार वर्षं बिस्किटं, केळी अन् फुटाणे करून राह्यलो होतो! अन् हे लोक मले रानटी वाटत होते, हे आता सांगाले लाज वाटते. कैऱ्यांचंही तिथी बसल्या बसल्याच उमगलं. चार झाडांवर सारं गाव. ज्याले जेव्हा वाटेल तेव्हा त्यानं तोडलं तर म्हाताऱ्याच्या अन् दुबळ्याच्या वाट्याले कोयही आली नसती. पोरीची माय मात्र या तीन दिवसांत माझ्याकडं एकदाही पाहाले तयार नव्हती. मी समोरून आलो की ती पोरीले घेऊन आत जायची.

चौथ्या दिवशी पंडुम झाला. माणसं परत आली होती. झाडाखाली देवापुढं कैऱ्या चिरल्या, माझी कोंबडी गेली, ढोल वाजले, अन् मग साऱ्या गावानं एकदम खाल्लं. भूमियानं मलेही फोड दिली. त्यानंतर तो उठला, स्वतः नाल्यावर जाऊन तुंबा उकरून आणला, अन् आपला दंड पहिला पुढं केला. नळ्या हाताले गार लागत होत्या. मी टोचाले बसलो. लस लावायची, वर टोकदार दात्यांची लोखंडी फिरकी दाबून फिरवायची. मोठी माणसंही तोंड वाकडं करत. पण रांग मोडली नाई.

ती बाई सगळ्यात शेवटी आली, तीही भूमियानं दोनदा निरोप धाडल्यावर. पोरीले घट्ट धरलेलं. तुंब्यातली नववी नळी तिच्या आधीच्या माणसावर संपली होती. राह्यली ती माझ्या डब्यातली दहावी. पंडुमच्या गडबडीत मी सकाळपासून फडकं ओलं केलं नव्हतं. डब्बा हाताले गरम लागला. लागला मले, खोटं कायले बोलू? अन् तरी मी ती नळी फोडली. इतक्या मुश्किलीनं आलेल्या त्या मायले 'थांब' म्हणायची माझी हिंमत झाली नाई. पोरगी रडली, मायनं तिले छातीशी लावलं, अन् दोघी गेल्या.

टोचल्यावर आठव्या दिवशी परत जाऊन पाहावं लागते. दंडावर पाण्याचा फोड आला म्हणजे देवी उठली, माणूस वाचला. नाई उठली तर ते टोचणं फुकट. त्या आठ दिवसांत मी आजूबाजूची गावं पाहात राह्यलो, पण डब्ब्याचा तो गरमपणा हातातून जात नव्हता. आठव्या दिवशी गावात गेलो. भूमियाची उठलेली. त्याच्या शेजाऱ्याची उठलेली. घरामागून घर, दंडामागून दंड, सगळ्यांच्या उठलेल्या. वाळूत पुरलेली एकही नळी फुकट गेली नव्हती. पोरीचा दंड पाह्यला. फिरकीचा वाळलेला ओरखडा, बाकी काहीच नाई.

मी भूमियाले सगळं सांगितलं. दहावी नळी लपवल्याचं, डब्बा गरम लागल्याचं, सगळं. अन् म्हटलं, हे तिलेही सांग. त्यानं तिले माडियात सांगितलं. मी मान खाली घालून उभा राह्यलो. ती पोरीले उचलून आत गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नाल्यापल्याड त्याच आठवड्यात अजून एक पोर गेलं होतं. अन् या पूर्ण गावात उघडी राह्यली होती ती एकटी पोरगी, माझ्या एका अविश्वासापायी.

नवी लस होती गोंडपिपरीच्या दवाखान्यात. पंचावन्न मैल. इतकं मी एका दिवसात कधी मारलं नव्हतं, अन् तेही रिकाम्या पिशवीनं. भूमियानं एका तुंब्यात मीठ घातलेला जावा भरून दिला, दुसरा रिकामा दिला, लसीसाठी. दोन्ही हँडलले बांधले. पहाटे निघालो. दर चार मैलांवर एक घोट. ऊन चढलं, आलापल्ली गेली, पुढचा चढ गेला, घाटावर डोंग्यात सायकल घातली, पलीकडं उतरलो. जिथी मी पहिल्या वर्षी पडलो होतो ती जागा कधी मागं पडली ते समजलंही नाई. दिवस बुडायच्या आत घरी. घरवाली म्हणाली, "तोंड पाहा आरशात! कोणाच्या मागं लागले होते?" मी दवाखान्यातून नळ्या आणल्या, तुंब्यात घातल्या, तुंबा रात्रभर रांजणाजवळच्या ओल्या वाळूत ठेवला, अन् दुसऱ्या दिवशी पेजेचा तुंबा भरून तोच रस्ता परत.

पोचलो तेव्हा पायात उभं राहायचं बळ नव्हतं. पण आधी पोरगी. नळी हाताले गार लागली, दोनदा चाचपून पाह्यली. टोचलं. तिच्या मायनं पोरीचा हात धरून दिला, माझ्याकडं न पाहता.

मग पुन्हा आठ दिवस. ते कसे काढले, माझं मले ठाऊक. एवढ्यात नाल्यापल्याडची देवी या गावात शिरली तर? टोचलेली उठायच्या आधीच पोरीले गाठलं तर? दुसऱ्या गावी काम करताना हातातली फिरकी थांबायची. देवधर्म फार न करणारा मी, त्या आठ दिवसांत कोणाकोणाले हात जोडले सांगत नाई.

आठव्या दिवशी सकाळीच निघालो. गाव अजून मैलभर पुढं होतं, अन् रस्त्याच्या मधोमध कोणी तरी उभं दिसलं. जवळ गेलो तर ती बाई. कडेवर पोरगी. माझी वाट पाहात इतक्या दूर चालत आलेली. मी ब्रेक दाबला अन् पाय टेकवले. विचारायची हिंमत होत नव्हती. तिनं पोरीचा दंड माझ्यापुढं धरला. मधोमध टपोरा फोड, भोवती लाल कडं. जसा पाहिजे तसा.

त्या बाईले मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण आज एक तिनं कोणापासून तरी शिकून घेतला होता. माझ्याकडं सरळ पाहून ती म्हणाली, "उठली."

मी सायकल तशीच मुरमावर टाकली अन् रस्त्यातच बसून रडलो. ती गेली नाई. माझं रडणं थांबेपर्यंत पोरीले घेऊन तिथीच उभी राह्यली.